मुकादमाचा बिल्ला

१

पट्टी कोरी होती. जिथे काळी रेघ उमटायला हवी, तिथे काहीही नव्हतं.

दुर्बीणवाल्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातली ती पट्टी माझ्या टेबलावर ठेवली, पण त्याआधी ती दोनदा त्यांच्या हातातून निसटली. दिवसभर लोकांच्या पोटात दुर्बीण घालून आतडी तपासणारा हा माणूस. त्याच्याच हातातून वस्तू निसटायला लागल्या तर कसं व्हायचं? मी आधी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं.

"कुणीतरी घात केलाय," ते म्हणाले. "हा माझ्या मेहुणीच्या आतड्याचा तुकडा. गेल्या आठवड्यात काढलेल्या तुकड्यात रेघ चांगली ठसठशीत होती. परवा काढलेल्या तुकड्यात गायब! आणि उद्या सकाळी तिचं अख्खं मोठं आतडं काढून टाकणार आहेत."

"म्हणजे तुम्ही तक्रार करताय?"

"तक्रार कसली, पाया पडतो तुमच्या. संध्याकाळपर्यंत शोधून काढा."

या हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. दारावर 'गुणवत्ता तपासणी' अशी भारदस्त पाटी आहे, पण पाठीमागे सगळे मला सासूबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. सासूबाई येताहेत म्हटलं की लोक हात धुतात, बाटल्यांना झाकणं लावतात. एवढं झालं तरी पुष्कळ.

मुलगी एकोणीस वर्षांची. लहानपणापासून स्पर्धांमधून पोहणारी, म्हणून घरात तिचं नाव मासोळी पडलेलं. वर्षभर तिच्या मोठ्या आतड्याला सूज, व्रण, रक्तस्राव. सगळी औषधं करून झाली होती. आता दोनच वाटा उरल्या होत्या. एक, आतडं काढायचं आणि पोटाला कायमची पिशवी लावायची. दुसरी, आमच्याच प्रयोगशाळेतल्या मॅडमांचं नवं औषध. ते अजून ट्रायलमध्ये होतं, आणि तिला ते मिळणार की नाही हे त्या काळ्या रेघेवर ठरणार होतं.

"पुन्हा तुकडा घ्या की," मी म्हटलं.

"सर्जन परवानगी देत नाहीत. आतडं इतकं नाजूक झालंय की पुन्हा दुर्बीण घातली तर फाटेल म्हणतात. आणि ते खरंय, मी स्वतः आतून पाहिलंय."

"परवाच्या तुकड्यातलं काही शिल्लक?"

"एक चकती. नखाएवढीसुद्धा नाही." त्यांनी डोळे पुसले. "ती वापरली की संपलं."

२

मी प्रयोगशाळेत शिरले तेव्हा मॅडम त्यांच्या तंत्रज्ञ मुलीला फैलावर घेत होत्या. मला बघून थांबल्या.

"या. तुमचीच कमी होती."

"काय झालं ते पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं. मी पूर्वी पॅथॉलॉजिस्ट होते, मला यातलं बऱ्यापैकी कळतं. पण माणसाला त्याचंच काम समजावून सांगायला लावलं की तो सावधपणा विसरतो, असा माझा अनुभव आहे.

मॅडम फळ्याजवळ गेल्या आणि त्यांचा राग जरा उतरला. "आतड्याच्या पेशीत एक प्रथिन असतं. कुठल्या जनुकांनी कधी काम करायचं, ते हे ठरवतं. आम्ही त्याला मुकादम म्हणतो. एरवी तो बाहेर स्वस्थ बसलेला असतो. पेशीतलं एक एन्झाइम येऊन त्याला फॉस्फेटचा बिल्ला लावतं. बिल्ला लागला की मुकादम केंद्रकात शिरतो आणि दाहाच्या जनुकांना कामाला जुंपतो. काम झालं की दुसरं एन्झाइम बिल्ला काढून घेतं."

"आणि मासोळीच्या आतड्यात?"

"बिल्ला लावणारे हात थांबतच नाहीत. एक निघतो न निघतो तोच दुसरा लागतो. मुकादम चोवीस तास ओरडतोय आणि आतडं आतून सोलवटून निघतंय. माझं औषध त्या लावणाऱ्या हातांनाच धरून ठेवतं. पण ज्यांच्या मुकादमाला बिल्लाच नाही, त्यांचा आजार वेगळ्या कारणाने झालेला असतो. त्यांना औषध दिलं तर नुसता वेळ जातो आणि आतडं फुटतं. म्हणून नियम केलाय. वेगवेगळ्या दिवशीच्या दोन तुकड्यांत बिल्ल्याची काळी रेघ दिसली तरच औषध."

"तुकडा दुसऱ्याच कुणाचा असेल."

"डीएनए जुळवलाय. तिचाच आहे. पट्टीही तीनदा धुऊन पुन्हा तपासली, आता ती निकामी झाली. मुकादम जागेवर आहे, फक्त बिल्ला नाही. सासू—" त्या अडखळल्या. "बाई, हा बिल्ला कुणीतरी मुद्दाम काढलाय. काढणारं एन्झाइम त्या शेल्फवर उघडं असतं. एक थेंब पुरतो. आणि परवा दुपारी सर्जन इथे आले होते. ते कधी येत नाहीत."

"त्यांना काय मिळणार?"

"माझं औषध चाललं तर त्यांच्या टेबलावर कोण झोपणार? आधीच माझ्या ट्रायलला साडेसाती लागलीय. चांगला सुधारत असलेला एक पेशंट गेल्या महिन्यात सोडून गेला. का, तर तोंडाला लोखंडाची चव येते! बाटली दुर्बीणवाल्या डॉक्टरांच्या टेबलावर आदळली आणि चालता झाला. त्यात आता हे. उरलेल्या चकतीवर मी आत्ताच बिल्ल्याची चाचणी पुन्हा लावते."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "ती चकती आता माझी."

मॅडमांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण चौकशी सुरू असेपर्यंत माझा शब्द चालतो, हे त्यांनाही माहीत होतं.

तंत्रज्ञ मुलगी माझ्यामागून दारापर्यंत आली. तिचे डोळे सुजले होते. "त्या म्हणतात, तुकडा गोठवायचा द्रव नायट्रोजनचा डबा मी उशिरा नेला आणि तुकडा ताटलीत पडून राहिला. बाई, मी डॉक्टरांच्या शेजारी डबा धरून उभी होते. तुकडा निघाला तसा आत टाकला."

"आणखी कुणी पाहिलं?"

"डॉक्टर दुर्बिणीत बघत होते. दुसरं कुणी नव्हतं."

३

सर्जनना हॉस्पिटलात कात्री म्हणतात. माणूस तोडून बोलणारा, एक घाव दोन तुकडे. मला त्यांनी बसायलाही सांगितलं नाही.

"मी प्रयोगशाळेत गेलो होतो, बरोबर. शिट्टी वाजत होती म्हणून गेलो. मॅडमांचा फ्रीजर बोंबलत होता आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. मी दार ढकलून लावलं, शिट्टी थांबली, निघून आलो. तुकडा वितळून गेला असणार. आपल्या फ्रीजरचं दार लागत नाही, आणि दोष द्यायचा लोकांना!"

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

"विचारलं कुणी?"

"त्या औषधावर तुमचा विश्वास नाही, असं म्हणतात."

"माझा विश्वास डोळ्यांनी दिसतं त्याच्यावर." ते खिडकीशी गेले. त्यांचा आवाज थोडा खाली आला. "तुम्हाला वाटतं मला हौस आहे? एकोणीस वर्षांच्या पोरीच्या पोटाला पिशवी लावायची? पण ते आतडं फुटलं तर पोटभर विष पसरतं. मग पिशवी राहिली बाजूला, पोरगीच हातची जाते. कालपासून ताप जरा उतरलाय, पण त्यावर मी भरवसा ठेवणार नाही. उद्या सकाळी पहिली केस तिची आहे. मला थांबवायचं असेल तर कारण आणा. शंका आणू नका."

माणूस उद्धट होता, पण त्याचं बोलणं मला पटलं.

आता माझ्या हातात तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही एकमेकींना छेद देत होत्या. डबा उशिरा आला आणि तुकडा ताटलीत ताटकळला. किंवा फ्रीजर उघडा राहिला आणि तुकडा वितळला. किंवा कुणी एन्झाइम ओतलं. तिन्हींमुळे बिल्ला जाऊ शकतो. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, आणि खोटं बोलतोय असं त्यातलं कुणीच मला वाटत नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण भिंत सापडत नव्हती.

४

मासोळी उशीला टेकून बसली होती. पोहून कमावलेले रुंद खांदे आता हाडांवर टांगल्यासारखे दिसत होते. शेजारी तिची ताई, म्हणजे दुर्बीणवाल्या डॉक्टरांची बायको, सफरचंद कापत होती. ते कुणी खाणार नव्हतं.

"तुम्ही सासूबाई ना?" मासोळीने विचारलं.

"अगं!" ताईने जीभ चावली.

"हो, मीच. काय छळ चाललाय तुझा इथे? सांग, मी सगळ्यांना फैलावर घेते."

ती हसली. "दिवे रात्रभर चालू असतात. उशी दगडासारखी आहे. शेजारच्या आजी घोरतात. पाण्याला नळ चाटल्यासारखी चव येते. आणि सगळे माझ्याशी लहान बाळाशी बोलावं तसं बोलतात."

"चव पहिल्यापासून येते?"

"नाही, आत्ताच दोनचार दिवस. परवा दुर्बिणीसाठी ते घाणेरडं औषध प्यायला लावलं ना, त्याच्याही आदल्या दिवसापासून. मी ताईला म्हटलं, पाइप गंजलाय."

"मी प्यायले तर मला काही लागलं नाही," ताई म्हणाली. "आजारात तोंड बेचव होतं. बाई, उद्या करणारच का हो ऑपरेशन? हे रोज येतात, संध्याकाळच्या गोळ्या स्वतःच्या हाताने देतात, सिस्टरलासुद्धा हात लावू देत नाहीत. एवढा जीव आहे त्यांचा हिच्यावर. लग्नात ही एवढीशी होती, त्यांच्या खांद्यावर बसूनच पोहायला शिकली. पण घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसतात. मीच त्यांना म्हटलं होतं, डॉक्टर असून काही करता येत नसेल तर कशाला झालात डॉक्टर. नको होतं बोलायला."

मासोळीने ताईचा हात धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझा तुकडा कुणी बिघडवला हे कळलं तर मला सांगाल? आधी मला. इथे माझ्या आतड्याबद्दल सगळं सगळ्यात शेवटी मलाच कळतं."

मी हो म्हटलं. असा शब्द मी सहसा देत नाही.

जिन्यात आल्यावर मी कठड्याला धरून उभी राहिले. चव, नळ, लोखंड. डोक्यात काहीतरी आकार घेत होतं आणि ते मला अजिबात नको होतं. ते खरं असेल तर चकतीला मी चुकीचा प्रश्न विचारून चालणार नव्हतं.

५

"दोनच प्रश्न विचारता येतील," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. "चकतीचा रस काढून पट्टी केली की ती आडवी कापायची. दोन भाग, दोन प्रश्न. तिसऱ्यापुरतं उरत नाही."

"पहिला प्रश्न बिल्ला," मॅडम म्हणाल्या. "दुसरा तुम्ही काय तो ठरवा."

"बिल्ल्याचं विचारायचंच नाही."

"काय?"

"ते तुम्ही एकदा विचारलंत. चकती त्याच तुकड्यातली, उत्तर तेच येणार."

"आणि आलं नाही तर? रेघ दिसली तर ती मुलगी वाचते! ही शेवटची संधी आहे आणि तुम्ही ती फुकट घालवताय!" मॅडमांचा आवाज चिरकला. मला पहिल्यांदाच कळलं की त्यांनाही त्या मुलीचं आतडं वाचायला हवं होतं. नुसती ट्रायल नव्हे.

मी चुकले असते तर उद्या सकाळी काय होणार होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. "पहिला प्रश्न," मी म्हटलं, "गुदमरण्याचा. जनुकांवर सत्ता चालवणारं आणखी एक प्रथिन आहे. पेशीला ऑक्सिजन मिळतोय तोवर त्याच्यावर एक रासायनिक खूण होत राहते, आणि खूण झाली की पेशी त्याचा निकाल लावते. ऑक्सिजन तुटला की खूण होत नाही, मग ते साचतं. बरोबर?"

मॅडम सावकाश बोलल्या. "बरोबर. तुकडा ताटलीत जिवंतपणी ताटकळला असेल, तर ते साचलेलं दिसेल."

"दुसरा प्रश्न फॉस्फेटचा. पण मुकादमाच्या नाही, सगळ्यांच्या. पेशीतल्या झाडून सगळ्या प्रथिनांवरचे फॉस्फेट दाखवा. पहिला तुकडाही शेजारी लावा, ताडून बघायला."

तंत्रज्ञ मुलीने हातमोजे चढवले.

दुपार कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. मी जेवले नाही. मॅडम खोलीत येरझारा घालत होत्या, आणि दुर्बीणवाले डॉक्टर सारखे दारात येऊन काही कळलं का विचारत होते. प्रत्येक वेळी मी मान हलवली, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याकडे बघणं मला जास्त जड गेलं. ऊन खिडकीतून सरकत फ्रीजरपर्यंत आलं, तेव्हा तंत्रज्ञ मुलगी काळोख्या खोलीतून बाहेर आली.

"गुदमरल्याचं चिन्ह नाही," ती म्हणाली. "दोन्ही तुकडे सारखे. आणि बाकीच्या फॉस्फेटना..." तिने पट्टी उजेडात धरली. "कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, "सर्जनना बोलवा. दुर्बीणवाल्या डॉक्टरांनाही. आणि दार लावून घ्या."

६

चौघं माझ्यासमोर उभे होते. मी बसूनच बोलले.

"तुकडा ताटलीत ताटकळला नव्हता. ताटकळला असता तर गुदमरल्यावर साचणारं ते प्रथिन दिसलं असतं. तेव्हा ही मुलगी खरं बोलतेय आणि मॅडमांनी तिची माफी मागायला हरकत नाही. आता फ्रीजर. तुकडा वितळला असता तर पेशीतली एन्झाइमं मोकाट सुटून सगळ्यांचेच फॉस्फेट ओरबाडत गेली असती. शेल्फवरचा थेंब टाकला असता तरी तेच. ते एन्झाइम माणूस बघून बिल्ला काढत नाही, दिसेल त्याचा काढतं. इथे बाकी सगळ्यांचे जागच्या जागी आहेत. गेला तो फक्त आपल्या मुकादमाचा."

"म्हणजे?" सर्जन म्हणाले.

"म्हणजे तुकड्याला कुणीही धक्का लावलेला नाही. त्यात दिसलं ते खरं आहे. परवा मासोळीच्या आतड्यात मुकादमाला बिल्ला नव्हताच."

दुर्बीणवाल्या डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मग... मग तिला औषध नाही?"

"तेच म्हणतोय मी सकाळपासून," सर्जन म्हणाले. "उद्या ऑपरेशन."

"जरा दम धरा. गेल्या आठवड्यात बिल्ला होता, चांगला ठसठशीत. तो आपोआप गेला नाही. मॅडम, जिवंत आतड्यात, बाकी कुणाला न छेडता, नेमका याच मुकादमाचा बिल्ला नाहीसा करेल असं या इमारतीत काय आहे?"

उत्तर मॅडमांच्या डोळ्यांत आधी दिसलं. "माझं औषध," त्या म्हणाल्या. "लावणारे हात धरले की काढणारे बिल्ला काढून मोकळे होतात. पण तिला औषध दिलेलंच नाही!"

"दिलंय. तिला पाण्यात लोखंडाची चव लागते. दुर्बिणीच्याही आधीपासून. तुमचा पेशंट जी बाटली टेबलावर आदळून गेला, ती परत आली का तुमच्याकडे?"

"परत आलेल्या बाटल्या डॉक्टरांच्या कपाटात असतात, नष्ट करेपर्यंत..." मॅडम मधेच थांबल्या आणि हळूहळू वळल्या.

"हे शक्य नाही!" दुर्बीणवाले डॉक्टर ओरडले. "परवा मी आतून पाहिलं ना! तसंच लाल, तसेच व्रण, तसूभर फरक नव्हता. एका दिवसाच्या कॅप्सूलने कुठे काय—"

ते गप्प झाले. एका दिवसाचं कुणीच म्हटलं नव्हतं.

सर्जननी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हात उगारतात. पण त्यांनी एक खुर्ची ओढून पुढे सरकवली, आणि डॉक्टर तिच्यात कोसळले.

"पहिली पट्टी आली त्या दिवशी ठरवलं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "बिल्ला होता, म्हणजे औषध लागू पडणार. दुसरा तुकडा म्हणजे नुसती औपचारिकता. तोवर तिचं रक्त वाहत राहणार, कशासाठी? घरी बायको रडतेय. म्हटलं, चार दिवस आधी सुरू केलं तर तेवढंच आतडं वाचेल. संध्याकाळच्या गोळ्यांत घालून देत होतो. परवा आणि कालही दिली. आतडं पंधरा-पंधरा दिवस तसंच दिसतं हो, जन्म गेला माझा ते बघण्यात. मला वाटलं, दिसत नाही म्हणजे काही झालेलं नसणार. बिल्ला एका रात्रीत निघेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला खरंच वाटलं, तुकडा कुणीतरी बिघडवला."

त्यांच्यावर मला भयंकर राग आला होता. आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटत होता. मी दोन्हीही केलं नाही. चौकशीवाल्या बाईला ते शोभत नाही.

मॅडम पुढे आल्या. "नियमाप्रमाणे ती ट्रायलमधून बाद. आजपासून एकही कॅप्सूल मिळणार नाही."

"आणि औषध तुटलं की बिल्ला परत," सर्जन म्हणाले. ते टेबलावरच्या त्या दोन पट्ट्यांकडे बघत होते. "म्हणजे ताप उतरला तो यामुळे." ते माझ्याकडे वळले. "मी कारण मागितलं होतं. हे कारण आहे. ताप असाच राहिला तर उद्या मी तिला कापणार नाही. पण औषध थांबलं तर आठवड्याच्या आत कापावंच लागेल."

"एक वाट आहे," मी म्हटलं. "नीतिसमितीच्या अध्यक्षांना एका पेशंटपुरती तातडीची परवानगी देता येते. ट्रायलच्या बाहेर. मागणी सर्जननी करायची, औषध मॅडमांनी द्यायचं. पण आधी काय काय दिलं गेलं, कुणी, केव्हा, कुणाला न विचारता, हे सगळं त्यांना खरं सांगावं लागेल."

सगळ्यांना कळलं की मी कुणाबद्दल बोलतेय. ते सांगितल्यावर त्या माणसाच्या हातात पुन्हा कुणी दुर्बीण देणार नव्हतं.

"फोन लावा," दुर्बीणवाले डॉक्टर म्हणाले. "मी बोलतो."

ते बोलले. काहीही लपवलं नाही. मधे एकदा आवाज फुटला, तेव्हा सर्जननी फोन त्यांच्या हातातून घेतला, "मी सर्जन बोलतोय, मागणी माझी आहे," एवढं खडसावून सांगितलं आणि परत दिला. पलीकडून होकार आला. पण अट होती. पेशंट सज्ञान आहे, तिला सगळं सांगा आणि तिची स्वतःची संमती घ्या.

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच कुणाला तरी सुचलं होतं.

७

आधी तिलाच सांगणार असा शब्द मी दिला होता, आणि तो पाळता आला नव्हता. मी तसं कबूल केलं, मग सगळं सांगितलं. ताई घरी गेली होती. मॅडम आणि सर्जन पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. दुर्बीणवाले डॉक्टर दारातच थांबले, आत यायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

मासोळी रडली नाही. तिचे कान मात्र लाल झाले.

"म्हणजे मी तीन दिवस काय गिळतेय ते मलाच माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"भावोजी," ती दाराकडे न बघता म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नाही," ते म्हणाले.

"मग का नाही विचारलंत?"

मॅडम औषधाबद्दल समजावून सांगू लागल्या. काय फायदा, काय धोका, किती दिवस कळणार नाही, कधी थांबवावं लागेल. या वेळी त्या बाळाशी बोलल्यासारखं बोलल्या नाहीत. मासोळी मधेमधे प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न चांगले होते. बिघडलं तर ऑपरेशन त्याच दिवशी होईल ना? मला पुन्हा पाण्यात उतरता येईल का? पहिल्याला सर्जननी हो म्हटलं. दुसऱ्याला कुणी हो म्हटलं नाही, आणि कुणी खोटंही बोललं नाही.

तिने सही केली. मॅडमांनी नवी सीलबंद बाटली उघडली. सवयीने की काय, दुर्बीणवाले डॉक्टर पाण्याचा पेला उचलायला दोन पावलं पुढे आले.

"नको," मासोळी म्हणाली. "तुमच्या हातून नको."

ते जागच्या जागी थिजले. इतकी वर्षं मी लोकांच्या चुका त्यांच्या तोंडावर फेकत आले, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. मासोळीने कॅप्सूल स्वतः घेतली, पाणी स्वतः ओतलं, तोंड वाकडं केलं आणि गिळली. मग पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता घरी जा," ती म्हणाली. "ताई उद्याच्या तयारीसाठी गेलीय. तिला सांगा, उद्या ऑपरेशन नाही."

डॉक्टरांनी मान हलवली.

"आणि का नाही, तेही तुम्हीच सांगा. पहिल्यापासून. फोनवर नाही, तिच्यासमोर बसून."

ते वळले आणि वॉर्डातून चालत गेले. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. थोड्या वेळाने तिने माझा हात धरला, आणि मग मात्र ती रडली.